पाणी कमी पिऊन हे थांबणार नाही

पत्र:
"मावशी, मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते. वय २९. मुलगी पाच महिन्यांची आहे. डिलिव्हरी नॉर्मल झाली, टाके पडले. सातवा लागल्यापासून शिंक आली की थोडी शू व्हायची. सगळ्या म्हणाल्या, बाळ झालं की थांबेल. थांबलं नाही. आता खोकताना, हसताना, मुलीला पाळण्यातून उचलताना, वाड्याचा जिना चढताना कपडे ओले होतात. सासूबाई म्हणतात, 'बायकांचं असंच असतं, पाणी कमी पी.' कमी पिते, तरी होतंच. नणंदेने नवरात्रासाठी माझ्या मापाची चणियाचोळी शिवायला टाकलीय, आणि मी रोज न जाण्याचं नवं कारण शोधतेय. नवऱ्याला काही सांगितलेलं नाही. शिवाय जाऊबाईंना आठवा चालू आहे, त्यांनाही दोन दिवसांपासून ओलं लागतंय. त्या म्हणतात, तुझ्यासारखंच असेल. नाव छापू नका."

उत्तर:

जाऊबाईंचं आधी. तुझं दुखणं आठवडाभर थांबलं असतं, त्यांचं थांबण्यासारखं नव्हतं. म्हणून तुझं पत्र आलं त्याच दिवशी निरोप धाडला होता की उद्याची वाट बघू नका, आत्ता दवाखान्यात न्या. तपासणीत पाणमोट, म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी, शाबूत निघाली, गळतेय ती लघवीच, हे तुझ्याकडून कळलं आणि जीव भांड्यात पडला. पण हे सदर वाचणाऱ्या घरांपैकी कुठेतरी आज कुणाला सातवा-आठवा चालू असेल, म्हणून तेवढा भाग इथे पुन्हा लिहिते.

गरोदरपणात खाली ओलं लागलं तर ती लघवी असेल, नेहमीपेक्षा जास्त जाणारं पांढरं पाणी असेल, नाहीतर पाणमोटीतलं पाणी असेल. लघवी शिंकेला, खोकल्याला, उचलाउचलीला सुटते आणि तिथेच थांबते. तिला लघवीचा वास येतो. पांढरं पाणी चिकटसर असतं. पाणमोटीतलं पाणी काही कारण नसताना, नुसतं पडून असतानाही झिरपत राहतं. ते पाण्यासारखं पातळ असतं, लघवीचा वास नसतो आणि उठून उभं राहिलं की एकदम भसकन जास्त येतं. अर्थात हे सगळे ठोकताळे. त्यांच्या भरवशावर "लघवीच आहे" असं घरच्या घरी ठरवून बसायचं नाही. शंका आली की कोरडा पॅड लावून त्याच दिवशी तपासून घ्यायचं. पाण्याला हिरवट रंग असेल, रक्त असेल, ताप असेल, बाळाची हालचाल कमी वाटत असेल, तर मध्यरात्रीही निघायचं. बडोद्याच्या सरकारी सयाजीराव हॉस्पिटलचा प्रसूती विभाग रात्री कुलूप लावत नाही. ३७ आठवड्यांच्या आत पाणमोट फुटली तर जंतुसंसर्गाची आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाची भीती असते. वेळेत पोचलं तर डॉक्टर अँटिबायोटिक देतात, गरज पडल्यास बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात. दोन दिवस "जावेसारखंच असेल" म्हणण्यात गेले तर यातल्या बऱ्याच गोष्टींची वेळ निघून जाऊ शकते.

आता तुझं.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या जघनाच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी ताणून बांधलेली असते. लघवीची पिशवी, गर्भाशय आणि शेवटचं आतडं या झोळीवर विसावतात आणि तिन्ही वाटा तिच्यातूनच बाहेर पडतात. आपण शिंकतो तेव्हा पोटातला दाब एकदम खाली येतो. झोळी घट्ट असेल तर ती तेवढ्यापुरती आवळली जाते आणि लघवीची वाट मिटलेली राहते. गरोदरपणात काय होतं? संप्रेरकांमुळे सगळेच सांधे-स्नायू सैलावतात, मूत्रपिंडं जास्त लघवी तयार करतात आणि वाढतं गर्भाशय थेट पिशवीवर बसतं. म्हणून तुझं सातव्यात सुरू झालं, जाऊबाईंचं आठव्यात. पुढे बाळाचं डोकं खाली उतरताना या स्नायूंचा मधला भाग मूळ लांबीच्या तिपटीपर्यंत ताणला जातो. इतका ताण हातापायाच्या कुठल्याही स्नायूने सहन केला नसता. त्यानंतर तो आपोआप पहिल्यासारखा होईल, ही अपेक्षा मला जरा जास्तच वाटते.

सीझर झालेल्यांनाही हा त्रास होतो. कमी प्रमाणात, पण होतो, कारण नऊ महिन्यांचं ओझं त्यांच्याही झोळीने पेललेलं असतं. बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत साधारण तीनपैकी एका बाईला थोडीफार गळती असते. तुमच्या वाड्यातल्या हळदीकुंकवाला तीस बायका जमल्या तर त्यांतल्या दहाजणी कधी ना कधी यातून गेलेल्या असतील, आणि दहाही जणी एकमेकींपासून लपवत असतील.

तेव्हा सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं. पुष्कळ बायकांना होतं. पुष्कळ बायकांना पंडुरोगही होतो, म्हणून कुणी लोहाच्या गोळ्या बंद करत नाही. तीन महिन्यांनंतरही गळती राहिली आणि तिच्यासाठी काही केलं नाही, तर ती वर्षानुवर्षं रेंगाळू शकते. तुझे पाच महिने झालेत. घाबरण्यासारखं काही नाही, पण वाट बघत बसायचीही वेळ गेली.

पाण्याचं मात्र त्यांचं अजिबात ऐकू नकोस. पाणी तोडलं की लघवी कडक होते, पिशवीच्या आतल्या अस्तराला झोंबते आणि थोडीशी साठली तरी घाई लागते. जळजळ, जंतुसंसर्ग मागोमाग येतात. शौचाला खडा होतो, कुंथावं लागतं, आणि कुंथण्याइतकं या स्नायूंना वाईट दुसरं काही नाही. शिवाय तू अंगावर पाजतेस. रोजचं सहाशे-सातशे मिलीलीटर दूध कुठून तरी येणारच ना! मुलीला पाजायला बसलीस की शेजारी पाण्याचा तांब्या हवा. लघवीचा रंग फिकट पिवळा राहील इतकं पाणी पी. कमी करायचाच असेल तर चहा कर. आपल्याकडे "अर्धा अर्धा" म्हणत दिवसाला पाच-सहा कप कधी होतात कळत नाही, आणि चहा-कॉफीतलं कॅफीन पिशवीला डिवचतं. दोन कप ठेव.

लाडू खा, मी नको म्हणणार नाही. पण डिंक, मेथी, तूप आणि लोहाच्या गोळ्या, एवढ्यावर पोट साफ होत नाही. सोबत पालेभाजी, पपई, भिजवलेल्या मनुका हव्यात. आणि "बाहेर निघतेय तर जाऊन येते" असं दर अर्ध्या तासाला करू नकोस. पिशवीला थोडक्यावरच हाक मारायची सवय लागते. दोन-तीन तासांनी जाणं ठीक.

पोट बांधायच्या पट्ट्यावर दरवेळी कुणी ना कुणी विचारतं. सैलसर पट्ट्याने कंबरेला आधार वाटत असेल तर तो वापरायला हरकत नाही. पण सुती लुगडं गुंडाळून दोघींनी दोन टोकं ओढायची, श्वास घेता येईना इतकं, हा प्रकार बंद करा. वरून आवळलेलं सगळं खालीच जाणार, आणि खाली काय आहे ते वर सांगितलं.

आता मुख्य औषध. गोळी नाही, खर्च नाही. पण नीट वाच, कारण हा व्यायाम "मी करते" म्हणणाऱ्या निम्म्या बायका उलटा करत असतात, असं माझं मत झालंय.

दुपारी मुलगी झोपली की लघवीला जाऊन ये आणि चटईवर उताणी पड. गुडघे दुमड, पावलं जमिनीला टेकव, एक हात बेंबीखाली ठेव. चारचौघांत बसलेलो असताना वारा सरतोय असं वाटलं की आपण मागून जे आवळून धरतो, तेवढंच आवळ. तेच आवळणं पुढे लघवीच्या वाटेपर्यंत आण आणि आत, वर उचल. तीन-चार सेकंद धर. मग पूर्ण सोड. सोडायलाही तेवढाच वेळ दे, सैल पडल्याचं कळलं पाहिजे. असं आठ ते दहा वेळा. मग थोडं थांबून दहा वेळा झटपट: आवळ-सोड, आवळ-सोड. दिवसातून तीनदा. आठवड्या-आठवड्याला एकेक सेकंद वाढवत दहापर्यंत ने. पहिले काही दिवस झोपून, मग बसून, मग उभ्याने, कारण तुझी गळती होते ती उभ्यानेच.

ढुंगण टणक झालं, मांड्या जुळल्या, पोटावरचा हात वर ढकलला गेला, तर चुकतंय. श्वास अडकत असेल तर मोठ्याने आकडे मोज, बोलताना श्वास अडकवता येत नाही. एकदा खोलीचं दार लावून हातात आरसा धर. आवळल्यावर मायांग आणि शौचाची वाट यांच्यामधली जागा आत ओढली गेलेली दिसायला हवी. ती बाहेर फुगत असेल तर तू उचलत नाहीयेस, ढकलते आहेस, आणि त्याने नुकसान होईल. लाजू नकोस, अंग आपलंच आहे. लघवी करता करता मधे धार अडवून हा व्यायाम करायचा, असं कुठेतरी वाचलं असशील. ते करू नकोस. पिशवी पूर्ण रिकामी न होण्याची सवय त्याने लागू शकते.

याला केगल व्यायाम म्हणतात. अर्नोल्ड केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ मध्ये ते मांडले. आज गळतीवरचा पहिला उपाय म्हणून सगळीकडे हेच सांगतात, निदान तीन महिने आणि शक्यतो कुणाच्या देखरेखीखाली. ऑपरेशनचा विषय त्यानंतर, आणि तोही बहुधा पुढची मुलं होऊन गेल्यावर. जाऊबाईंनाही आत्ताच सुरू करू दे. गरोदरपणात केलेल्या व्यायामाचा फायदा बाळंतपणानंतरही दिसतो. फक्त दिवस भरत आल्यावर त्यांनी फार वेळ उताणं पडू नये, कुशीवर किंवा बसून करावा.

याच्याच जोडीला एक युक्ती, जिचा गुण सगळ्यात लवकर येतो. शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळ, मग शिंक. मुलीला उचलायच्या आधी आवळ, पाळण्याच्या अगदी जवळ जा, श्वास सोडत सोडत उचल. जिन्याची पहिली पायरी चढायच्या आधी आवळ. सुरुवातीला निम्म्या वेळा विसरशील. महिनाभराने लक्षात येईल की हात पाळण्याकडे गेला की खालचं आपसूक आवळलं जातंय. जड वस्तू मात्र सध्या दुसऱ्याला उचलू दे. भरलेला गॅस सिलिंडर तीस किलोच्या आसपास जातो. दुमजली वाड्यात तो बाळंतिणीने का चढवावा, हे मला कधी समजलेलं नाही.

व्यायामाच्या तीन वेळा मुलीच्या पाजण्याला बांधून टाक, म्हणजे वेगळी आठवण ठेवायला नको. फरक दिसायला दीड-दोन महिने जातील. आधी थेंब कमी होतील, मग दिवसाआड होईल, मग फक्त सर्दी-खोकल्यात. मधेच पाळी सुरू झाली किंवा रात्रभर जागरण झालं तर दोन दिवस पुन्हा वाढल्यासारखं वाटेल. तेव्हा सोडू नकोस.

जमतंय का नाही कळत नसेल तर फिजिओथेरपिस्टकडे जा. बायकांच्या याच त्रासावर काम करणाऱ्या आता बडोद्यातही आहेत, तुझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नाव माग. खर्च नको असेल तर सयाजीराव हॉस्पिटलात फिजिओथेरपी आहेच. सव्वा महिन्याच्या तपासणीत तुला गळतीबद्दल कुणी विचारलं नसणार. टाके बघितले, बाळाचं वजन केलं, "सगळं छान" म्हणून पुढचा नंबर. याचा मला राग येतो. एक प्रश्न विचारायला किती वेळ लागतो? पण ते विचारत नाहीत म्हणून आपण सांगायचं थांबायचं नाही. "डॉक्टर, शिंकताना लघवी सुटते", एवढं वाक्य पुरे.

व्यायामाच्या भरवशावर न राहता डॉक्टरांकडे जायची कारणंही सांगून ठेवते. लघवी शिंकेविना, दिवसरात्र, अखंड झिरपत असेल. जळजळ, ताप किंवा रक्त असेल. लघवी लागलीय हेच कळत नसेल, किंवा कुंथूनही नीट होत नसेल. वारा किंवा शौच आवरता येत नसेल. टाके खोलवर गेलेल्यांना हे होतं आणि त्या सर्वात जास्त लपवतात. जांघेत, बैठकीच्या जागी बधिरपणा असेल. किंवा अंग बाहेर येतंय, खाली काहीतरी उतरलंय असं वाटत असेल. यातलं काहीही असलं तर आधी तपासणी. आणि पाजणाऱ्या आईच्या अंगात इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक कमी असतं, त्यामुळे मायांगात कोरडेपणा, संबंधाच्या वेळी आग होते. त्यावरही औषध आहे, त्याच भेटीत विचारून घे.

तोवर कपड्यांचं काय? पाळीचे पॅड लघवी नीट धरत नाहीत, वास येतो, जांघा सोलवटतात. औषधाच्या दुकानात लघवीसाठीचे वेगळे पॅड मिळतात. बाहेर जाताना ते लाव, ओला झाला की बदल. घरात सुती, धुता येणारी घडी चालेल. वासावर उपाय म्हणून सुगंधी साबण आणि स्प्रे वापरू नकोस, साधं पाणी पुरतं.

आणि चणियाचोळी. नवरात्राला अजून दोन महिने आहेत, तेव्हा मुलगी सात महिन्यांची होईल. कारणं शोधणं थांबव, चोळी शिवून येऊ दे. बडोद्याचा गरबा म्हणजे काय ते मला माहीत आहे: सुरुवातीच्या संथ ताळ्या, मग चढत जाणारा ढोल, आणि एकदा वर्तुळात शिरलं की मधून बाहेर पडायला वाट मिळत नाही. म्हणून तुझी परीक्षा घरी घे. घटस्थापनेच्या आठवडाभर आधी, लघवीला जाऊन तास झाला असताना, जोरात दोनदा खोक आणि जागच्या जागी दहा उड्या मार. कोरडी राहिलीस तर जा, खेळ. थोडं ओलं झालं तरी जा, पण संथ दोन ताळी-तीन ताळीच्या फेऱ्या खेळ, कडेच्या रांगेत राहा, आणि लय चढली की बाहेर ये. आठ दिवसांच्या बाळाच्या आयाही ओट्यावर बसून टाळ्या वाजवतातच की. चणियाची नाडी करकचून बांधू नकोस, घेराखाली पॅड दिसत नाही, आणि मध्यंतराच्या आरतीआधी स्वच्छतागृहाची रांग गाठ, नंतर ती दुप्पट होते. खेळताना खाली जडपणा, ओढल्यासारखं वाटलं तर त्या रात्रीपुरतं बस्स.

नणंदेला सगळं सांगायची गरज नाही. "टाक्यांमुळे अजून उड्या नकोत म्हणालेत" एवढ्यावर ती गप्प बसेल. नवऱ्याला मात्र सांग. सिलिंडर त्याने चढवावा, रात्री मुलीला उचलून तुझ्याजवळ त्याने आणावं, दिवसातून तीनदा दहा मिनिटं तुला कुणी हाक मारू नये, हे सगळं त्याला कारण कळल्याशिवाय होणार नाही. ऐकून तो काय म्हणेल याची तू जी धास्ती घेतलीस ती बहुधा तुझ्याच मनात आहे. ज्याने बाळंतपणाच्या खोलीबाहेर रात्र काढली, तो लघवीच्या थेंबांनी दचकेल असं वाटत नाही.

राहिल्या सासूबाई. "बायकांचं असंच असतं" असं इतक्या ठामपणे म्हणणारी बाई सहसा दुसऱ्यांचं ऐकून बोलत नाही. जरा लक्ष ठेव: त्या लग्नकार्यात पाणी पिणं टाळतात का, लांबच्या प्रवासाला नको म्हणतात का, खोकला आला की पाय जुळवून उभ्या राहतात का. पाळी गेल्यावर तिथली त्वचा पातळ होते, जुनी गळती वाढते, कधी तिच्यात घाईचीही भर पडते. साठीतही हाच व्यायाम लागू पडतो. जोडीला लावायचं मलम, गोळ्या, आतून आधार देणारी रिंग, असे पुढचे उपायही आहेत. मधुमेह असेल तर साखर तपासावी लागेल. तेव्हा फिजिओथेरपिस्टकडे दोघींची वेळ घे. घरून निघताना "माझ्या सोबतीला चला" एवढंच म्हण. आत गेल्यावर त्या आपणहून बोलल्या तर उत्तमच, नाहीतर विषय तू काढ.